सत्काराच्या आधी वाटखर्ची

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांत गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. सन्मानचिन्ह, एखादे दप्तर, पाहुण्यांची लांबलेली तकरीर आणि शेवटी बिर्याणी. मी स्वतः अशा कार्यक्रमांचे सूत्रसंचालन करतो, त्यामुळे त्यांना नावे ठेवणार नाही. कौतुकाने मुले फुलतात, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही.

अशाच एका कार्यक्रमात माझी जुनी विद्यार्थिनी भेटली. राज्यशास्त्रात एम.ए. झालेली. कोकणातून आखातात गेलेल्या कामगारांवर तिला पीएच.डी. करायची होती. "विषय आंतरराष्ट्रीय संबंधांचा आहे," ती म्हणाली. शेजारचे चाचा हसून म्हणाले, "म्हणजे बेटी, फॉरेनला जायचंय का?" तिच्या अब्बांची वीस वर्षे कुवैतमध्ये गेली आहेत. 1990 साली इराकने कुवैतवर हल्ला केला तेव्हा आपल्या कित्येक घरांत रेडिओला कान लावून लोक बसले होते. कामगाराचा व्हिसा मालकाच्या मुठीत ठेवणारी कफाला पद्धत आपल्या बायकांनाही तोंडपाठ आहे. हा विषय आपल्या ओटीवरचा आहे. फक्त त्यावर लिहिणारे आपल्यातले फार थोडे.

ती पुढे म्हणाली, "सर, अशा प्रबंधांना परदेशात मोठी इनामे असतात म्हणे."

असतात. अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशन आंतरराष्ट्रीय संबंध, कायदा आणि राजकारण या क्षेत्रातल्या उत्तम पीएच.डी. प्रबंधाला दरवर्षी पुरस्कार देते. पूर्वी तो हेलन ड्वाइट रीड यांच्या नावाने होता, आता मर्झ टेट यांच्या नावाने आहे. या टेटबाईंची कहाणी मी तिला सांगितली.

1905 साली मिशिगन राज्यात जन्मलेली ही कृष्णवर्णीय मुलगी. 1927 मध्ये शिक्षक महाविद्यालयातून उत्तम गुणांनी पदवीधर झाली, पण कातडीच्या रंगामुळे त्या राज्यातल्या हायस्कुलांत तिला नोकरी मिळेना. मग ती इंडियानापोलिसला कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत इतिहास शिकवू लागली. म्हणजे आपल्यासारखीच मास्तरीण! तिथून ती ऑक्सफर्डला गेली ती अल्फा कप्पा अल्फा या कृष्णवर्णीय महिलांच्या संघटनेने दिलेल्या शिष्यवृत्तीच्या आधाराने. 1941 मध्ये हार्वर्ड-रॅडक्लिफची डॉक्टरेट मिळवली, निःशस्त्रीकरणावर ग्रंथ लिहिला, हॉवर्ड विद्यापीठात अनेक वर्षे शिकवले. 1950-51 मध्ये आपल्या शांतिनिकेतनातही त्या शिकवून गेल्या.

आता नीट पाहा. पुरस्काराला त्यांचे नाव लागले ते खूप उशिरा, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांच्या उमेदीच्या काळात कामी आली ती आपल्याच समाजातल्या बायकांनी हातावर ठेवलेली वाटखर्ची.

पुरस्काराने नवख्या संशोधकाचे काम लोकांच्या नजरेत येते, नोकरीची वाट सोपी होते. पण परीक्षकांपुढे येतो तो पूर्ण झालेला प्रबंध. पैशाअभावी जो दुसऱ्या प्रकरणावर थांबला, तो त्यांना दिसतच नाही. आपली बहुतेक मुले तिथेच थांबतात. त्यांना थोडाफार आधार होता मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपचा. 2009 मध्ये सुरू झालेली ही योजना केंद्र सरकारने 2022-23 पासून बंद केली. कारण दिले, इतर योजनांशी ती जुळते. ती पुन्हा सुरू करा, ही मागणी आपण सोडता कामा नये.

पण तोवर हातावर हात धरून बसायचे का? प्रत्येक जमातीने, अंजुमनने सत्काराच्या खर्चातून थोडे बाजूला काढावे आणि एका संशोधकाचा भार उचलावा. एसटीचे भाडे, झेरॉक्स, ग्रंथालयाची फी, गावोगाव मुलाखती घेण्याचा खर्च. सन्मानचिन्हे थोडी लहान झाली तरी कुणी रुसणार नाही.

आणखी एक करावे. वर्षातून एकदा त्या संशोधकाला त्याच सभागृहात बोलवावे. लिहिलेले एक प्रकरण त्याने मराठीत किंवा उर्दूत समजावून सांगावे आणि आखातातून परतलेल्या चाचांनी त्याला प्रश्न विचारावेत. इतके बारकाईने ऐकणारे परीक्षक तिला अमेरिकेतही मिळायचे नाहीत.

त्या मुलीने अजून प्रवेश घेतलेला नाही. ती शिकवण्या घेऊन पैसे साठवते आहे. यंदाच्या सत्काराची बैठक पुढच्या जुम्म्याला आहे. मी हाच विषय मांडणार आहे.