वसंतातील उत्सव आणि आपली वडीलधारी मंडळी

फाल्गुन शुद्ध चतुर्दशीची चौमासी झाली की आपल्या घरांतून भाजीपाला व सुका मेवा उठतो, आणि उकळलेल्या पाण्याचा काळ चार प्रहरांवरून पाच प्रहरांवर जातो. ऋतू पालटल्याचे आम्हांस पंचांगापेक्षा या दोन गोष्टींनीच अधिक कळते. तिकडे सातपुड्याच्या उतारावर पळस फुलतो, मंडीत नवा गहू व हरभरा यावयास लागतो. आणि होळी, धुळवड, रंगपंचमी, निमाडची गणगौर, नवपदांची ओळी, महावीर जयंती व अक्षय्य तृतीया असे सण जेमतेम पन्नास दिवसांत एकापाठोपाठ येऊन उभे राहतात. व्यापाऱ्याच्या वर्षअखेरीचे हिशेबही याच गर्दीत उरकावे लागतात.

या धामधुमीत साठीच्या पलीकडील माणसाने काय करावे? मुले म्हणतात, घरी बसा. वडीलधारे म्हणतात, आम्ही जन्मभर हेच करीत आलो, आज काय झाले? आमच्या मते दोघांचेही चुकते. मुलांची चूक अधिक मोठी. कारण ज्याला सणाच्या दिवशी खोलीत बसविले, त्याला जिवंतपणीच घराबाहेर काढल्यासारखे होते. परंतु वडीलधाऱ्यांची चूकही लहान नाही, आणि ती आम्ही स्वतः केलेली असल्यामुळे येथे सांगावयास संकोच वाटत नाही.

महावीर जयंती चैत्र शुद्ध त्रयोदशीस येते आणि चैत्री ओळी शुद्ध सप्तमीस बसते. म्हणजे मिरवणुकीच्या दिवशी ओळी करणाराचे सातवे आयंबील असते. काही वर्षांपूर्वी त्या दिवशी आम्ही पुरिमड्ढाचे पच्चक्खाण घेतले होते, म्हणजे मध्यान्हापर्यंत पाणीही नाही. सकाळची रक्तदाबाची गोळी मात्र सवयीने पहाटेच, सूर्योदयापूर्वी घेऊन टाकली. मिरवणूक आठला निघावयाची ती पाहुण्यांची वाट पाहता पाहता साडेनऊला निघाली. अकराच्या सुमारास डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आम्ही एका दुकानाच्या पायरीवर बसलो. बसलो म्हणण्यापेक्षा पडलो म्हणणे अधिक खरे. तहान लागल्याचे आम्हांस मुळीच आठवत नाही. पुढे डॉक्टरांनी समजावले की वय वाढते तशी तहानेची जाणीव मंद होते, आणि आमची गोळी लघवीवाटे पाणी बाहेर काढणारी होती. ओळी बसण्यापूर्वी मला का विचारले नाही, असे त्यांनी विचारले, तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. धर्माच्या गोष्टी डॉक्टरांस काय सांगावयाच्या, असा आमचा समज होता.

तो समज सोडावयास हवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपवास केला तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हातपाय कापतात, कधी शुद्धही हरपते. म्हणून औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि उपाशीपोटी पूर्वीच्याच मात्रेने घेऊही नये. आठ दिवस आधी डॉक्टरांकडे जावे. पुरिमड्ढाऐवजी नवकारशी घेतली तर सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी पाणी घेता येते. चौविहार उपवासाऐवजी तिविहार केला तर दिवसा उकळलेले पाणी चालते. पच्चक्खाणात समाधीसाठी आगार ठेवणारे पूर्वाचार्य आपल्यापेक्षा कमी तपस्वी नव्हते. वर्षीतप करणाऱ्यांत स्त्रियाच अधिक दिसतात, आणि त्या घरातील कोणालाही आपल्या प्रकृतीचे सांगत नाहीत. ऋषभदेवांस हस्तिनापुरी श्रेयांसकुमाराने दिलेल्या इक्षुरसाच्या स्मरणार्थ अक्षय्य तृतीयेस उसाचा रस घेऊन पारणे होते. ज्या माउलीस मधुमेह आहे, तिच्या पारण्याची मात्राही वैद्यांस विचारूनच ठरवावी. पारण्यासाठी हस्तिनापूर किंवा पालिताणा गाठावयाचे तर वैशाखातील गाडीचा प्रवासही हिशेबात धरावा.

रंगाविषयी थोडेच लिहितो. आमच्या लहानपणी पळसाची गळालेली फुले भिजवून रंग होत असे. आता पुड्यातून काय निघते ते दुकानदारासही ठाऊक नसते. मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेल्याने रंगापासून दूरच राहावे. खरी भीती मात्र रंगाहून ओल्या फरशीची आहे. या वयात खुब्याचे हाड मोडले की पुष्कळांचे चालणे पुन्हा पूर्वीसारखे होत नाही. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसावे, नातवंडांकडून गुलालाचा टिळा लावून घ्यावा आणि अंगण वाळेपर्यंत उठू नये.

आता मिरवणुकीचे. दि. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यास लाखो लोक उघड्या मैदानात उन्हात बसले होते. त्यांतील चौदा जण उष्माघाताने दगावले. बऱ्हाणपुरात मे महिन्यात पारा जेथे जातो तेथवर तो तेथे चढला नव्हता. पण दमट हवा, उघडे मैदान आणि लांबलेला कार्यक्रम एवढे पुरेसे झाले. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातील भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये महापालिकेने उष्णतेपासून बचावाची योजनाच आखली. आपली जयंती २०२४ मध्ये २१ एप्रिलला होती, २०२५ मध्ये १० एप्रिलला. त्या दिवसांत निमाडचे अकराचे ऊन कसे असते, हे लिलावाच्या ओट्यावर उभे राहणाऱ्यांस सांगावयास नको.

आमची सूचना अशी की मिरवणूक सातला निघावी, म्हणजे नवकारशीवाल्यांस लवकरच पाणी मिळेल, आणि नऊच्या आत ती मंदिरी पोहोचावी. पाहुण्यांची भाषणे सभागृहात पंख्याखाली व्हावीत. न आलेल्या पाहुण्यासाठी पालखी थांबवू नये. चौकाचौकांत उकळून गार केलेल्या पाण्याचे माठ असावेत आणि सावलीत दहा-वीस खुर्च्या. ज्यांस सबंध वाट चालणे जमणार नाही त्यांनी पहिल्या चौकापर्यंत पालखीस खांदा द्यावा आणि मग रिक्षाने मंदिरी जावे. त्यात कमीपणा नाही.

मिरवणुकीची वेळ ठरविण्यासाठी मंडळाची सभा भरेल तेव्हा आम्ही हा विषय मांडणार आहोत. वडीलधाऱ्यांची संमती मिळेल अशी खात्री आहे. सातला तरुण मंडळी उठून तयार होतील काय, एवढीच शंका उरते.