कायदा आणि संसार : जामीनकीची सही

दिवेलागणीच्या सुमारास घरचाच एखादा तरुण हातांत कागद घेऊन येतो. त्याला बांधकामाचा नवा मक्ता मिळालेला असतो. मालक आगाऊ रक्कम देण्यास तयार असतो. अडलेलें असतें तें केवळ एका जामीनदाराच्या सहीवांचून. "मामा, नुसती रीत म्हणून सही हवी आहे," असें तो म्हणतो, आणि मामांना नाहीं म्हणवत नाहीं. पुढ्यांतला चहा निवण्यापूर्वींच सही होऊन जाते.

आमच्या आप्तांपैकीं एका निवृत्त शिक्षकांनीं अशीच सही केली होती. भाच्यानें एका गृहसंस्थेच्या इमारतीच्या दुरुस्तीचा मक्ता घेतला. पुढें मामांना न कळवितां गच्चीवरचें काम वाढविण्यांत आलें, हप्त्यांची मुदत येण्यापूर्वींच पैसेही देण्यांत आले, आणि शेवटीं काम रखडलें. करारांतील कलमाप्रमाणें लवाद नेमला गेला, निवाडा भाच्याविरुद्ध झाला, आणि मागणीची नोटीस मामांच्या दारीं येऊन थडकली. "लवादानें मला एकदांही बोलाविलें नाहीं, मग हें देणें माझें कसें?" असा प्रश्न त्यांनीं आम्हांस केला. तो प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं.

आपल्या पूर्वजांनींही या विषयाचा सूक्ष्म विचार केलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत जामीनदाराचे तीन प्रकार सांगितले आहेत : माणसाला हजर करण्याची हमी घेणारा, त्याच्या सचोटीची ग्वाही देणारा, आणि पैशाची जबाबदारी पत्करणारा. यांपैकीं तिसऱ्याचें देणें त्याच्या पुत्रांवरही येतें, असा तेथें दंडक आहे. आजचा कायदा या बाबतींत १८७२ सालच्या करार अधिनियमाचा होय. त्याच्या १२८ व्या कलमान्वयें, करारांत वेगळें ठरलें नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. 'आधीं त्याच्याकडून वसूल करा, मग मजकडे या,' असें जामीनदारास म्हणतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं बिहारमधील एका बँकेच्या खटल्यांत हें स्पष्ट केलें आहे. जामीनदार निवर्तला तरी उत्पन्न झालेलें देणें त्याच्या मिळकतीवर राहतें. वारसांना वारशापुरतें तें सोसावें लागतें.

तथापि कायदा जामीनदारास अगदींच उघडा टाकीत नाहीं. १३३ वें कलम असें कीं, त्याच्या संमतीवांचून मूळ करारांत फेरफार झाल्यास त्यानंतरच्या व्यवहारांपुरता तो मुक्त होतो. १३९ व्या कलमाखालीं कायद्यानेंच दिलेलें उदाहरण मोठें बोलकें आहे : जहाज बांधून घेणाऱ्यानें शेवटचे दोन हप्ते जामीनदाराच्या नकळत आगाऊ देऊन टाकले, तर जामीनदार सुटला.

यामागील तत्त्व लंडन डॉक कंपनीच्या १८३८ सालच्या खटल्यांत नीट समजतें. झालेल्या कामाचे तीन चतुर्थांश पैसे वेळोवेळीं द्यावयाचे व उरलेला चौथा हिस्सा काम पुरें झाल्यावर द्यावयाचा, असें तेथें ठरलें होतें. कंपनीनें त्याहून अधिक रक्कम आधींच दिली. मक्तेदारानें काम पुरें केलें नाहीं. 'पैसे लवकर दिल्यानें मक्तेदारास मदतच झाली, जामीनदारांचें त्यांत हितच होतें,' असा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायालयानें तो मानला नाहीं. राखून ठेवलेला हिस्सा हा मक्तेदारास काम पुरें करण्याचा तगादा असतो आणि जामीनदारांची ढालही असते. शिवाय आपलें हित कशांत आहे हें ठरविण्याचा अधिकार जामीनदाराचाच. जामीनदार मोकळे झाले.

आतां लवादाविषयीं. सध्यां १९९६ सालचा लवाद व सलोखा कायदा लागू आहे. लवादाचा करार लेखी लागतो. निवाडा रद्द करण्यासाठीं साधारणतः तीन महिन्यांच्या आंत न्यायालयाकडे जावें लागतें, आणि तेथें मिळणारीं कारणेंही मोजकींच असतात. परंतु लवादाचें सामर्थ्य उभयतांच्या संमतींतून येतें. म्हणून मालक व मक्तेदार यांच्यामधील निवाडा जामीनदारास आपोआप बांधीत नाहीं, असें इंग्लंडांतील अपील न्यायालयानें १८८१ सालींच सांगितलें. मात्र केवळ सही नाहीं म्हणून माणूस सुटलाच असेंही नव्हे. करारांत वर्तनानें सामील झालेल्या परक्या पक्षासही लवादापुढें आणतां येतें, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें २०२३ सालीं ठरविलें आहे.

मग आमच्या आप्तांचें काय झालें? आम्हीं जामीनपत्र मागवून वाचलें. त्याच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या : करारांत होणारे सर्व फेरफार जामीनदारास पूर्वसंमत आहेत, आणि लवादाचा निवाडा त्याजवर बंधनकारक राहील. कायद्यानें दिलेलीं कवचें त्यांनीं स्वहस्तें उतरवून ठेविलीं होतीं. वकिलांच्या सल्ल्यानें तडजोड झाली. घर वांचलें, आयुष्यभराची ठेव गेली. दिलेल्या रकमेपुरते धनकोचे हक्क जामीनदारास मिळतात व ती ऋणकोकडून मागतांही येते, हें खरें. पण भाच्यापाशीं देण्याजोगें कांहीं उरलें नव्हतें, आणि बहिणीच्या दारीं वसुलीला जाणें त्यांच्यानें झालें नाहीं.

यास्तव सही करण्याची पाळी आल्यास इतकें अवश्य करावें. जबाबदारीची कमाल रक्कम व अखेरची तारीख कागदावर आंकड्यांत लिहून घ्यावी. मूळ करार मागून वाचावा. फेरफारांची लेखी सूचना व संमती हवी, असा आग्रह धरावा. लवादाचा निवाडा बंधनकारक असेल, तर लवादापुढें आपलें म्हणणें मांडण्याचा हक्कही त्याच कागदांत मागावा. आणि घरांतील मंडळींस न सांगतां सही करूं नये; कारण ती सही एकट्याची असली तरी छप्पर सर्वांचें असतें.

आप्तांस साहाय्य करणें हा गृहस्थधर्मच आहे. परंतु झेपेल तितकी रक्कम हातीं ठेवून 'ही परत आली नाहीं तरी चालेल' असें म्हणणें, हें पुष्कळदां सहीपेक्षां स्वस्त पडतें, आणि नातेंही टिकवितें.