स्क्रीनवरचा नंबर म्हणजे पुरावा नाही! इंटरनेट कॉलचा सर्व्हर परवानगी कशी तपासतो?

२२ ऑक्टोबर २०२४ रोजी दूरसंचार विभागाने एक नवी यंत्रणा सुरू केली. कॉल येतो परदेशातून, पण स्क्रीनवर दिसतो +९१ वाला भारतीय नंबर. असे बनावट कॉल ओळखून अडवणं हे तिचं काम. पहिल्या २४ तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल बनावट निघाले, असं सरकारने जाहीर केलं. भारतीय नंबर दाखवत परदेशातून आलेल्या कॉलपैकी हे जवळपास ९० टक्के होते.

आकडा वाचून पहिला प्रश्न पडतो तो हा, की दुसऱ्याचा नंबर दाखवणं इतकं सोपं कसं काय? उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. इंटरनेटवरून कॉल जोडणारा सर्व्हर नक्की काय तपासतो आणि काय तपासत नाही, एवढं समजलं की पुरे. आणि या गोष्टीशी आपल्या ठाणे जिल्ह्याचा संबंध जुना आहे. तो पुढे येतोच.

सर्व्हरचे दोन प्रश्न

इंटरनेटवरचे बरेचसे कॉल सिप नावाच्या पद्धतीने जोडले जातात. (म्युच्युअल फंडवाली एसआयपी वेगळी!) तुम्ही कॉल लावला की तुमचा फोन सर्व्हरला एक छोटा मजकूर पाठवतो: मी अमुक, मला तमुकशी बोलायचंय. चांगल्या सर्व्हरने यावर दोन प्रश्न विचारायला हवेत. एक, तू खरंच तोच आहेस का? दोन, तोच असलास तरी तुला हा कॉल लावायची परवानगी आहे का?

डोंबिवलीहून ठाण्याला लोकलने जाणाऱ्यांना हा फरक वेगळा सांगायला नको. समजा तुमच्याकडे सेकंड क्लासचा पास आहे. पास खरा, त्यावरचं नाव तुमचं, ओळखपत्रही खिशात. पण तुम्ही फर्स्ट क्लासमध्ये चढलात तर टीसी दंड लावणारच. माणूस खरा आहे, डबा मात्र त्याचा नाही. ओळख पटणं आणि परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सर्व्हरवर ही परवानगी ठरते ती ग्रुपवरून.

ग्रुप तपासणी आतून कशी चालते?

कामाइलिओ हा अशा कामासाठी जगभर वापरला जाणारा मुक्त सॉफ्टवेअरचा सर्व्हर. २००५ मध्ये तो ओपनसर या नावाने सुरू झाला आणि २००८ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर बसवून मी त्याच्याशी बरीच खटपट केली आहे. त्यात ग्रुप नावाचा एक छोटा भाग आहे. डेटाबेसमध्ये एक साधा तक्ता असतो: युजरचं नाव, त्याचं डोमेन आणि तो कोणत्या ग्रुपमध्ये आहे.

वागळे इस्टेटमधलं एखादं छोटं ऑफिस डोळ्यासमोर आणा. रिसेप्शनचा फोन फक्त 'लोकल' ग्रुपमध्ये. विक्री विभाग 'लोकल' आणि 'एसटीडी' अशा दोन ग्रुपमध्ये. परदेशी ग्राहकांशी बोलणारी दोन माणसं 'इंटरनॅशनल' ग्रुपमध्ये. डायल केलेला नंबर ०० ने सुरू झाला, की सर्व्हर तक्त्यात बघतो: हा युजर 'इंटरनॅशनल'मध्ये आहे का? असेल तर कॉल पुढे जातो. नसेल तर ४०३, म्हणजे मनाई.

हे फक्त बिल कमी ठेवण्यासाठी नाही. इंटरनेटला जोडलेल्या कच्च्या पासवर्डच्या सर्व्हरवर चोर टपलेलेच असतात. ते शनिवारी रात्री घुसतात, परदेशातल्या महागड्या नंबरांवर तासन् तास कॉल लावतात आणि त्या नंबरांच्या कमाईतला वाटा खातात. बिल येतं ऑफिसच्या मालकाला. पण रिसेप्शनचा पासवर्ड चोरीला गेला आणि रिसेप्शन 'इंटरनॅशनल'मध्ये नसेलच, तर चोराच्या हाती फारसं काही लागत नाही.

एका शब्दाने फरक पडतो

आता खरा मुद्दा. 'हा युजर ग्रुपमध्ये आहे का' असं विचारताना 'हा' म्हणजे कोण, हे सर्व्हरला सांगावं लागतं. इथे दोन मुख्य पर्याय येतात.

पहिला पर्याय 'फ्रॉम'. कॉलच्या मजकुरात पाठवणाऱ्याचं नाव लिहायची ही जागा. पण ती भरतो कोण? कॉल करणारा स्वतःच. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत कुणीही 'फ्लॅट ३०२ चे पाहुणे' असं लिहून आत जातो ना, अगदी तसंच.

दुसरा पर्याय 'क्रेडेन्शियल्स'. यात सर्व्हर आधी ४०७ असा निरोप पाठवतो, म्हणजे 'ओळख पटव'. सोबत एक तात्पुरता कोड देतो. फोन त्या कोडमध्ये आपला पासवर्ड मिसळून गणिताने एक उत्तर तयार करतो आणि ते परत पाठवतो. उत्तर जुळलं तर नाव सिद्ध झालं. मग त्या सिद्ध झालेल्या नावाचा ग्रुप तपासायचा.

समजा १०५ नंबरच्या एक्स्टेंशनला परदेशी कॉलची परवानगी नाही, १०१ ला आहे. १०५ वाल्याने स्वतःच्या खऱ्या पासवर्डने ओळख पटवली, पण 'फ्रॉम'मध्ये १०१ लिहिलं. सर्व्हर 'फ्रॉम' बघून ग्रुप तपासत असेल तर कॉल लागला! पासवर्ड होता, ग्रुप होता, तपासणीही झाली. फक्त ती भलत्याच नावाची झाली.

अशीच एक गंमत डोमेनची. ठाणे आणि कल्याण अशा दोन शाखा एकाच सर्व्हरवर आहेत आणि दोन्हीकडे 'रिसेप्शन' नावाचा युजर आहे. तपासणीत डोमेन धरलं नाही, तर एका रिसेप्शनला दिलेली परवानगी दुसऱ्यालाही आपोआप मिळते.

मीरा रोड: सर्व्हरच फसवणाऱ्याचा असेल तर?

आतापर्यंत आपण धरून चाललो की सर्व्हरचा मालक प्रामाणिक आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर छापे टाकले तेव्हा याच्या उलट चित्र दिसलं. तिथून अमेरिकेतल्या लोकांना इंटरनेट कॉल जात. बोलणारे स्वतःला अमेरिकेच्या आयकर खात्याचे, म्हणजे आयआरएसचे, अधिकारी म्हणवत आणि अटकेची भीती घालून पैसे उकळत. सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं गेलं आणि त्यांतल्या ७० जणांना अटक झाली. त्याच महिन्यात, २७ ऑक्टोबरला, अमेरिकेच्या न्याय विभागाने अशाच प्रकारच्या फसवणुकीत ६१ व्यक्ती आणि संस्थांवरचे आरोप जाहीर केले. त्यात अहमदाबादची पाच कॉल सेंटर होती.

अशा ठिकाणी ग्रुप तपासणी कोण लावणार? ज्याला नंबर खोटाच दाखवायचा आहे, तो स्वतःच्या सर्व्हरवर कुलूप घालत नाही. मग तपासणी पुढच्या दारावर व्हायला हवी, म्हणजे तो कॉल ज्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरतो तिथे.

अमेरिकेने पुढे हाच रस्ता धरला. जानेवारी २०२० मध्ये न्याय विभागाने पाच कंपन्या आणि तीन व्यक्तींना कोर्टात खेचलं. त्यांनी फसवे कॉल बोलले नव्हते, फक्त परदेशातून, त्यातही बरेचसे भारतातून, आलेले असे कॉल पुढे सोडले होते. जून २०२१ पासून तिथल्या मोठ्या फोन कंपन्यांना स्टर-शेकन ही पद्धत सक्तीची झाली. यात कॉल जिथून निघतो ती कंपनी त्यावर डिजिटल सही करते आणि दर्जा देते. ए म्हणजे ग्राहक ओळखीचा आणि हा नंबर वापरायचा हक्कही त्याचा. बी म्हणजे ग्राहक ओळखीचा, नंबरची खात्री नाही. सी म्हणजे कॉल कुठून आत आला तेवढंच माहीत. नीट बघा, आपल्या लॅपटॉपवरचे तेच दोन प्रश्न इथे देशपातळीवर विचारले जातायत.

आपल्याकडे काय?

२०२४ ची आपली यंत्रणाही असंच दार आहे. पण ते सरसकट बंद करता येत नाही. तुमचा मामा दुबईत रोमिंगवर असेल तर त्याचा +९१ वाला कॉल खराच असतो. म्हणजे इथेही प्रश्न यादीचाच: हा नंबर आत्ता रोमिंगवर असलेल्यांमध्ये आहे का?

बँका आणि सरकारी कार्यालयांच्या सेवा कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर राखून ठेवलेत, जाहिरातींच्या कॉलसाठी १४०. हे सुद्धा ग्रुपच. दूरसंचार कायदा २०२३ नुसार फोनच्या ओळखक्रमांकांत छेडछाड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तरी माझ्या मते दोन फटी उरतातच. पहिली सिम बॉक्सची. परदेशातून इंटरनेटने आलेला कॉल भारतातच ठेवलेल्या डझनभर सिमकार्डांमधून बाहेर काढला, की तो खऱ्या भारतीय नंबरचा स्थानिक कॉल होतो आणि सीमेवरच्या दाराला दिसतच नाही. दुसरी फट व्हॉट्सअॅपसारख्या अॅपची. तिथला कॉल या दारातून जातच नाही. गणवेशातला फोटो लावून 'डिजिटल अटक' करणारे व्हिडिओ कॉल म्हणूनच तिथे येतात.

मग आपण काय करायचं?

- नंबर आणि नाव ही 'फ्रॉम'मधली माहिती समजा, पुरावा नाही. बँकेचा कॉल आला तर कट करा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः लावा. तुम्ही लावलेला कॉल कुठे जाणार हे तुम्ही ठरवता.
- संशयास्पद कॉल किंवा मेसेज संचार साथीच्या चक्षूवर नोंदवा. पैसे गेले असतील तर एक मिनिटही न घालवता १९३०.
- नातेवाइकांच्या दुकानात किंवा ऑफिसात इंटरनेट फोन असेल तर तीन गोष्टी विचारा: परदेशी कॉल मुळात बंद आहेत का, मोजक्यांनाच चालू आहेत का, आणि नोकरी सोडून गेलेल्याचं नाव तक्त्यातून काढलंय का?
- 'इंटरनॅशनल व्हॉइस प्रोसेस'ची नोकरी चालून आली तर पगाराआधी कंपनी कुणाच्या वतीने कॉल करते ते विचारा. स्वतःला सरकारी अधिकारी म्हणवायला सांगितलं, तर तिथूनच परत फिरा. मीरा रोडला पकडले गेलेले बरेचसे विशी-पंचविशीतलेच होते, आणि सर्व्हर कुणाचाही असला तरी फोनवरचा आवाज त्यांचा होता.