डॉक्टर गॅलनचा बॅकअप

एक प्रश्न विचारते, प्रामाणिक उत्तर द्यायचं हं! आज रात्री तुमचा लॅपटॉप, मोबाइल, क्लाउडवरचं अकाउंट, सगळं एका झटक्यात गेलं तर? फोटो, प्रेझेंटेशन्स, तीन महिने घासून केलेला तो प्रोजेक्ट... सगळं! ‘गेलं तर गेलं’ म्हणून शांतपणे चहा घेणारा माणूस मला अजून भेटायचाय. मात्र अठराशे वर्षांपूर्वी असा एक होऊन गेला. व्यवसायाने डॉक्टर. नाव गॅलन.

आधी त्याचा बायोडेटा. जन्म इ. स. १२९, गाव पर्गामॉन. तेव्हाचं हे ग्रीक शहर म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं बेर्गामा. वडील निकॉन आर्किटेक्ट, घरात पैशाला तोटा नाही. वैद्यकाचा देव अस्क्लेपियस वडिलांच्या स्वप्नात आला आणि चिरंजीवांची रवानगी मेडिकलला झाली. (करिअर काउन्सेलिंग त्या काळी असं फुकटात व्हायचं!) स्मिर्ना, अलेक्झांड्रिया असं शिकत फिरून १५७ मध्ये गावी परतला, तो थेट ग्लॅडिएटर्सचा डॉक्टर म्हणून. १६२ मध्ये रोम. तिथे त्याने भर सभेत ओरडणाऱ्या डुकराच्या गळ्यातल्या नसा बांधून त्याचा आवाज बंद करून दाखवला. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण आवाजाची सूत्रं हृदयाकडे नसून मेंदूकडे आहेत हे त्यातून लोकांना डोळ्यांनी दिसलं. पुढे सम्राट मार्कस ऑरेलियसच्या पदरी नेमणूक. थोडक्यात, साहेब टॉपला पोचले होते.

आणि मग १९२ साल उजाडलं.

रोममधल्या ‘व्हिया साक्रा’ या रस्त्यालगत भाड्याने मिळणारी गोदामं होती. दरवाजे सोडले तर लाकूड नाही, आजूबाजूला घरं नाहीत, वर सरकारी दप्तरही तिथेच असल्यामुळे सैनिकांचा पहारा. म्हणून भाडंही चढं! इतकी सुरक्षित जागा दुसरी नाही असा हिशोब करून गॅलनने आपला सगळा ठेवा तिथे ठेवला होता. वर्षानुवर्षं तपासून दुरुस्त केलेली पुस्तकं, स्वतःचं लिखाण, शस्त्रक्रियेची हत्यारं, औषधं, सम्राटांकडून आलेली दालचिनी आणि दुर्मिळ नुस्ख्यांचा खजिना. त्या वर्षी भडकलेल्या आगीत ही गोदामं जळून खाक झाली. गॅलनचं वय तेव्हा साठीच्या पुढे.

चुटपुट लावणारी गोष्ट पुढेच आहे. बॅकअपचं काम चालू होतं हो! एक प्रत कँपानियातल्या घरी आणि एक पर्गामॉनच्या मित्रांकडे, असं ठरलेलं होतं. आग आणखी दोन महिन्यांनी लागली असती तर प्रती कँपानियात पोचल्या असत्या. ‘सोमवारी करते’ म्हणणाऱ्या आपल्या जमातीला हे दोन महिने नीट कळतील.

याच आगीत पुस्तकं गेली म्हणून एक व्याकरणपंडित खंगून खंगून मेला. बाकीचे काळे कपडे घालून, सुतकी चेहऱ्याने हिंडत होते. गॅलन मात्र नेहमीसारखा कामाला लागलेला. शेवटी एका मित्राने पत्रातून विचारलं, तुला दुःख कसं होत नाही? त्याला गॅलनने लांबलचक उत्तर लिहिलं. ‘दुःख टाळण्याविषयी’ असं त्याचं नाव.

मला वाटलं होतं, आता ‘सगळं मिथ्या आहे’ छापाचं प्रवचन येणार. छे! गॅलन फार व्यवहारी निघाला. तो एका तत्त्वज्ञाची गोष्ट सांगतो. त्याची चार शेतं, त्यातलं एक गेलं. सांत्वनाला आलेल्याला तो म्हणाला, अरे, माझी तीन शिल्लक आहेत, तुझं तर एकच आहे. मग मीच तुझं सांत्वन नको का करायला? दुसरा उपाय सवयीचा. कोमोडस या लहरी सम्राटाच्या राज्यात कधीही सगळं जप्त होऊ शकतं, हे गॅलन स्वतःच्या मनाला आधीच बजावत राहिला. म्हणजे मनाची मॉक ड्रिल! आणि तरीही तो साधुपणाचा आव आणत नाही. मायभूमी उद्ध्वस्त झाली किंवा मित्रावर जुलूम झाला तर मला दुःख होईलच, असं तो सरळ कबूल करतो. मला तो आवडला तो इथेच.

आता या गोष्टीतली खरी गंमत. हे पत्रच पुढे हरवलं! अरबी आणि हिब्रू ग्रंथांतल्या उल्लेखांमुळे ते होतं एवढं ठाऊक होतं. २००५ मध्ये अंत्वान पिएत्रोबेली या पीएच.डी. करणाऱ्या फ्रेंच मुलाला ग्रीसमध्ये, थेस्सालोनिकीच्या व्लाताडॉन मठातल्या एका हस्तलिखितात ते सापडलं. कुणीतरी, कधीतरी, हाताने उतरवून ठेवलं होतं म्हणून.

गॅलनची आजवर टिकलेली जवळपास सगळी कमाई अशीच, दुसऱ्यांच्या हातांनी वाचलेली आहे. नवव्या शतकात बगदादच्या हुनैन इब्न इसहाकने त्याच्या १२९ ग्रंथांच्या भाषांतरांची यादी केली आणि त्यातली कितीतरी भाषांतरं स्वतःच केली. त्या वाटेने गॅलन ‘जालीनूस’ होऊन भारतात पोचला. मुंबईत युनानी दवाखान्याची पाटी दिसते ना, त्यातलं ‘युनानी’ म्हणजेच ग्रीक. रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त हा तिथला हिशोब त्याच परंपरेतला. अर्थात जे पोचलं ते सगळंच बरोबर नव्हतं. माणसाचं शव कापायची तेव्हा रोममध्ये पद्धत नव्हती, म्हणून गॅलनने माकडं आणि डुकरं कापली. त्यातल्या चुका जगाने तेराशे वर्षं पाठ केल्या. १५४३ मध्ये व्हेसालियसने माणसाचं शरीर उघडून त्या दाखवून दिल्या. म्हणजे चुका सुधारायलाही आधी प्रत टिकावी लागते!

आगीत त्याच्या औषधांवरच्या एका ग्रंथाचे पहिले दोन भाग गेले होते. रोममधल्या कुठल्याच मित्राकडे त्यांची प्रत नव्हती. मग या साठी उलटलेल्या माणसाने काय केलं? बसला आणि ते दोन्ही भाग पुन्हा लिहून काढले.

तेव्हा आज घरी जाण्याआधी बॅकअप घ्या. आणि जमलं तर तुमचं चांगलं काम एखाद्या मित्रालाही पाठवून द्या. ‘नंतर बघतो’ म्हणाला तरी चालेल. त्याच्याकडे राहू दे!