गाईड डॉगची वाट आपल्या गल्लीतून जाते

ओळखीतला एक मुलगा जर्मनीत असतो. त्याला दिसत नाही. सोबत कायम गाईड डॉग. यंदा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात यायची त्याची फार इच्छा. घरच्यांनी विचारलं, "कुत्र्याला आणता येईल का?" मी म्हटलं, आणायचं नंतर बघू, आधी परत नेता येईल का ते बघा!

कारण ऐका. रेबीजच्या बाबतीत युरोपने भारताला सुरक्षित देशांच्या यादीत घेतलेलं नाही. इथून तिकडे जाणाऱ्या कुत्र्याला आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ताची तपासणी आणि रक्त घेतल्यापासून आणखी 3 महिने थांबणं. म्हणजे नव्याने सुरुवात केली तर किमान चार महिने! जर्मनीतला कुत्रा असेल तर ही तपासणी निघण्याआधीच करून पासपोर्टवर नोंदवून घ्यायची, मग परतताना तीन महिन्यांची अट लागत नाही. ती राहिली, तर यात्रा संपून उन्हाळा आला तरी कुत्रा इथेच. जपानला जायचं तर 180 दिवस. अमेरिकेनेही 1 ऑगस्ट 2024 पासून नियम कडक केलेत, भारत तिथे 'हाय रिस्क' यादीत आहे. आणि गाईड डॉग आहे म्हणून लस-तपासणीत सूट नाही.

काही जण म्हणतील, गोऱ्यांचे नखरे! मला तसं वाटत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. ज्यांनी हा रोग आपल्या देशातून घालवला, ते दार किलकिलं करताना चारदा बघणारच.

तो कुत्रा धुतल्या तांदळासारखा स्वच्छ आहे हो. लस वेळेवर, ट्रेनिंग चोख. पण त्याला शिक्का बसतो तो आपल्या रस्त्यांचा. ज्या माणसाचे डोळे म्हणजे तो कुत्रा, त्याने चार महिने कुणाच्या हाताला धरून चालायचं?

भारत सरकारने 2030 पर्यंत कुत्र्यांमुळे होणारे रेबीजचे मृत्यू शून्यावर आणायचं ठरवलंय. नसबंदी आणि लसीकरणाचे नियमही 2023 मध्ये नव्याने आले. कागद तयार आहे, काम गल्लीत व्हायचंय. दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली तरी रोगाची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: महापालिकेने प्रभागवार आकडा जाहीर करावा. किती भटकी कुत्री, किती जणांना लस, कोणत्या तारखेला. आणि आपण घरच्या कुत्र्याचं लशीचं कार्ड आज काढून बघावं. तारीख उलटली असेल तर दुसऱ्याला नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही.

यात फायदा फक्त विमानाने जाणाऱ्यांचा नाही. सकाळी शाळेला चालत जाणाऱ्या पोराचा आधी आहे.

तुमच्या गल्लीत लसीकरणाची गाडी शेवटची कधी आली होती? कमेंटमध्ये प्रभागासह लिहा.