मीनाचा आंबा आणि आमचा लाल त्रिकोण

आरोग्यविषयक चित्रपट म्हणजे रंग देऊन हलते केलेले सरकारी परिपत्रक, अशी आम्हा प्रशासकीय मंडळींची पक्की समजूत आहे. ती चुकीची आहे, आणि तिची किंमत आम्ही नव्हे, पडद्यासमोर बसलेली माणसे मोजतात.

1948 साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट एके काळी चित्रपटगृहांना सक्तीने दाखवावे लागत. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आणि 'हम दो, हमारे दो' ही घोषणा सर्वतोमुखी झाली. प्रचार म्हणून हे यश मोठेच. पण 'नको' म्हणण्याचा अधिकार त्या घोषणेत कुठे होता? 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यातील जबरदस्तीची नोंद शहा आयोगाने करून ठेवली आहे. ही जबरदस्ती चित्रपटांनी केली, असे मी म्हणणार नाही. मात्र वर्षानुवर्षे आज्ञाच ऐकवणाऱ्या त्या पडद्याने, सक्ती दारात आली तेव्हा तिला अडवील असा एक शब्दही लोकांच्या हाती दिलेला नव्हता.

याच फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात 1956 साली रुजू झालेल्या राम मोहन यांनी पुढे 1990 च्या दशकात युनिसेफच्या 'मीना'ला रूप दिले, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. बांगलादेश, भारत, नेपाळ आणि पाकिस्तान येथील मुलींना ती आपली वाटावी, म्हणून तिचा पेहरावदेखील लोकांना विचारून ठरवला गेला. हाडामांसाच्या नटीला प्रांत चिकटतो, जात चिकटते; रेखाटलेली मुलगी चार देशांत शेजारची होऊ शकते. आंब्याच्या वाटणीची तिची गोष्ट पाहा. भाऊ राजू याला मोठा वाटा, मीनाला लहान. ती कारण विचारते. मग भावंडे एक दिवस कामांची अदलाबदल करतात आणि संध्याकाळी राजूला कळते की बहिणीच्या कामाने पोट किती रिकामे होते. मुलींच्या पोषणाचा धडा येथे आहेच, परंतु तो न्यायाच्या प्रश्नातून येतो. जीवनसत्त्वांचे व्याख्यान कोणी देत नाही.

आमचे सहकारी म्हणतात, लोकांना प्रश्न नकोत, माहिती हवी. उत्तर भारतातील एका जिल्ह्यात असताना मीही असेच म्हणत असे. रुग्णालयातील प्रसूतीचे महत्त्व सांगणारा एक व्यंगपट आम्ही गावोगाव दाखवत होतो. खेळ संपल्यावर मागच्या रांगेतील एका बाईने विचारले, "साहेब, रात्री गाडी आली नाही तर?" उत्तर आमच्यापाशी नव्हते. पुढच्या गावी जायची घाई होती. मार्चअखेर मी उपयोगिता प्रमाणपत्रावर सही केली. त्यात गावांची संख्या होती, खेळांची होती, खर्चही पै न् पै होता.

प्रत्येक खेळानंतर अर्धा तास राखून ठेवावा, विचारलेले प्रश्न त्याच वेळी लिहून घ्यावेत आणि ते तालुका वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवून लेखी उत्तर मागवावे. त्यावाचून चित्रपटाचे देयक मंजूर करू नये. हरकत येईल ती लेखा विभागाकडून नव्हे, आरोग्य विभागाकडून. कारण पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे गाड्यांचा हिशेब मागितला जाईल.