सावलीतल्या ओलाव्याला पेव हवे, पेव्हर ब्लॉक नको!

इमारतीची उत्तरेकडची बाजू, पाण्याच्या टाकीमागची पट्टी, दाट झाडाखालची जमीन. इथे ऊन पोहोचत नाही आणि ओल हटत नाही. 'इथे काही येत नाही' असे म्हणत सोसायट्या तिथे पेव्हर ब्लॉक बसवतात. मग मुरणारे पाणी गटारात जाते. खरे तर अशा जागेसाठी एक देशी वनस्पती तयारच आहे : पेव.

पेव कसे ओळखायचे?
कोकणात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात ओढ्याकाठी, रस्त्याकडेच्या चरांत ते दिसते. आले-हळदीच्या दूरच्या नात्यातले हे बहुवर्षायू झाड. पाने खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात. शेंड्यावर लालसर कणीस येते आणि त्यातून पांढरी, तलम फुले उमलतात. उंची साधारण माणसाएवढी.

लावायचे कसे?
मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला डोळा असलेला गड्ड्याचा तुकडा दोन-तीन इंच खोल लावावा. मातीत शेणखत, वर पालापाचोळा. ओल हवी, पण पाणी तुंबायला नको. गड्डे जंगलातून खणून आणू नयेत. रोपवाटिकेतून घ्यावेत किंवा कुणाच्या बागेतल्या जुन्या बेटातून फोडून घ्यावेत.

मग बागांत ते का टिकत नाही?
पाऊस सरला की पाने पिवळी पडतात, खोड वाळते. गड्डा मात्र जमिनीत जिवंत असतो. 'मेले' समजून तो खणून टाकला जातो आणि तिथे बारमाही हिरवी परदेशी रोपे येतात. दोष पेवाचा नाही. बाग बाराही महिने हिरवीगार दिसलीच पाहिजे, या हट्टाचा आहे. आपल्याकडचा निसर्ग पावसाच्या तालावर चालतो. त्याला विश्रांतीचे महिने द्यायलाच हवेत. जागेवर एक पाटी लावली, माळ्याला नीट सांगितले आणि शेजारी नेचे लावले, तरी प्रश्न सुटतो.

औषध म्हणून खावे का?
नाही. 'इन्सुलिन प्लांट' म्हणून विकले जाते ते याच कुळातले, पण मूळचे दक्षिण अमेरिकेतले वेगळे झाड आहे. पेवाच्या गड्ड्यात डायोस्जेनिन असते. औषधनिर्मितीत त्याचा उपयोग आहे, पण म्हणून घरच्या घरी प्रयोग नकोत.

पावसाळ्यापूर्वीच्या सोसायटी बैठकीत नव्या फरशीचा विषय निघतोच. त्यातली एक ओली पट्टी यंदा मोकळी सोडून पाहावी.